चित्रातली आपली आळी

गावात चित्रांचे प्रदर्शन भरले आहे असे कानावर आले, की पुष्कळांच्या मनात पहिला विचार येतो तो असा : 'त्यात आपल्याला काय कळणार?' गाण्याच्या मैफलीला माणूस फारसे न कळताही जाऊन बसतो, नाटकाला तर हक्काने जातो. पण चित्रांच्या दालनाशी त्याचे पाऊल अडते. आत शिरलाच, तर हात पाठीमागे बांधून, आवाज खाली घेऊन तो भिंतीच्या कडेकडेने एक फेरी मारतो, अभिप्रायाच्या वहीत 'छान' एवढा शेरा लिहितो आणि सुटल्यासारखा बाहेर पडतो. यात बिचाऱ्या प्रेक्षकाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. ज्या गोष्टीशी आपला दररोजचा काही संबंध नाही, तिच्यासमोर माणूस अवघडणारच.

पण श्रोतेहो, चित्रांचा एक प्रकार असा आहे, की त्याच्यासमोर हा संकोच फार वेळ टिकत नाही. तो प्रकार म्हणजे आपल्याच गावच्या रस्त्याचे चित्र. समजा, आपल्या गोखले नाक्याचे एक चित्र भिंतीवर लावले आहे, आणि रोज त्या नाक्यावरून जाणारा टपालवाला त्याच्यासमोर येऊन उभा राहिला आहे. तो काही आवाज खाली घेणार नाही. तो विचारील, 'हे सकाळचं चित्र की संध्याकाळचं? सकाळचं असेल तर सावली या अंगाला कशी पडली?' भाजी विकणारी बाई म्हणेल, 'मी बसते ती जागा कुठं दाखवलीय यात?' आणि शाळेतला मुलगा दुकानांच्या पाट्या मोजू लागेल. म्हणजे काय झाले पाहा : जो मघाशी 'मला यातलं कळत नाही' म्हणत होता, तोच आता परीक्षक झाला. चित्रकाराच्या बरोबरीने, कदाचित त्याच्यापेक्षा थोडा अधिकच, तो त्या विषयातला जाणकार आहे.

म्हणून रस्त्याचे चित्र काढणे हे तसे जोखमीचे काम आहे. सूर्यास्त कसाही रंगवला तरी सूर्य तक्रार करायला येत नाही. रस्त्याचे तसे नाही. आणि माझे आज सांगणे आहे ते हेच, की ही जोखीम आपल्या गावच्या चित्रकारांनी पत्करावी, आणि ती चित्रे अशा ठिकाणी लावावीत की जिथे त्या रस्त्यावरची माणसे सहज येऊ शकतील. चित्रकार आपल्या घरी बसून रस्ता रंगवील आणि ते चित्र एखाद्या दिवाणखान्यात जाऊन बसेल, तर त्याची परीक्षा झालीच नाही. आणि गावाचीही झाली नाही.

हे कसे घडू शकते, याचे एक चांगले उदाहरण मुंबईला मिळते. काळा घोडा भागात सर कावसजी जहांगीर हॉल म्हणून एक जुनी इमारत आहे. १९११ साली बांधलेली. एके काळी तिथे सभा होत, मैफली रंगत. १९९६ पासून तिथे राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय आहे. म्हणजे सरकारी, सार्वजनिक, कोणीही तिकीट काढून आत जावे असे दालन. या एकाच इमारतीत एका वर्षाच्या अंतराने दोन मराठी चित्रकारांची मोठी प्रदर्शने झाली. २०१८ साली रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे, आणि २०१९ च्या अखेरीस सुधीर पटवर्धन यांचे. एकाचा जन्म १८६७ चा, दुसऱ्याचा १९४९ चा. दोघांचीही मुंबईच्या रस्त्यावर नजर. मधल्या काळात मुंबई कशी बदलली ते या दोन प्रदर्शनांतून दिसते, हे तर आहेच. पण रस्त्याकडे पाहण्याची रीत कशी बदलली, तेही दिसते, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते.

धुरंधर मूळचे कोल्हापूरचे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८९० साली विद्यार्थी म्हणून आले आणि पुढे तिथेच शिक्षक झाले. त्यांच्या आत्मचरित्राचे नावच 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' असे आहे. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रांसाठी त्यांचे नाव झाले. पण हातात सदैव पेन्सिल असलेला हा माणूस रस्त्यावरून जाता-येता किती टिपून घेत असे, त्याला सुमार नाही. मुंबईतल्या निरनिराळ्या धंद्यांच्या, निरनिराळ्या पागोट्यांच्या आणि नेसणींच्या माणसांची चित्रे त्यांनी काढली, आणि ती पोस्टकार्डांवर छापून घरोघर पोचली. १९१२ साली एस. एम. एडवर्डस यांचे मुंबईच्या गल्लीबोळांविषयीचे एक इंग्रजी पुस्तक निघाले, त्यातली चित्रेही धुरंधरांचीच. हे एडवर्डससाहेब त्या वेळी मुंबईचे पोलीस कमिशनर होते. आता बघा, गल्लीबोळांची हकीकत सांगतो आहे पोलीस कमिशनर, आणि चित्रे काढतो आहे आपला मराठी चित्रकार! साहेबाला माणसे नमुने म्हणून हवी होती : हा अमक्या जातीचा, हा तमक्या धंद्याचा. धुरंधरांनी ते नमुने दिले. पण बोटांत रसिकता होती, म्हणून त्या नमुन्यांतूनही माणूस मधूनच डोके वर काढतो. डोक्यावरची टोपली सावरणारा एखादा हात, पदर सारखा करण्याची एखादी लकब. तिथे जात नाही दिसत, बाई दिसते.

सुधीर पटवर्धन यांची गोष्ट वेगळी. ते पेशाने डॉक्टर. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि १९७५ पासून २००५ पर्यंत तीस वर्षे त्यांनी ठाण्याला क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले. दिवसा माणसांच्या हाडांचे फोटो तपासायचे आणि उरलेल्या वेळात माणसे रंगवायची, असा हा संसार. त्यांचे 'इराणी रेस्टॉरंट' हे १९७७ चे चित्र आहे, लोकलगाडीचे 'ट्रेन' हे १९८० चे, 'लोअर परळ' २००१ चे. या चित्रांतली माणसे पागोट्यावरून ओळखायची नाहीत. ती ओळखायची ती शरीराच्या बोजावरून. दिवसभर उभे राहून आलेला माणूस बाकावर कसा बसतो, गर्दीत खांदा कसा आखडतो, काम संपल्यावर मान कुठे टेकते, हे ज्याने शरीर आतूनबाहेरून पाहिले आहे त्याच्याच लक्षात येईल. इथे माणूस हा नमुना राहिला नाही; तो आपला शेजारी झाला.

आणि इथे आपल्या कोकणाचा संबंध येतो. लोअर परळ म्हणजे गिरणगाव. गिरणगाव कोणी वसवले? आपल्या घराघरांतून गेलेल्या माणसांनी. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला, तोवर वेंगुर्ले-सावंतवाडीपासून मंडणगडपर्यंतचा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता, आणि मुंबईच्या गिरण्यांत या जिल्ह्यातल्या माणसांची संख्या फार मोठी होती. बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरायचे, गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायची, पाळीला उभे राहायचे आणि महिन्याकाठी मनिऑर्डर धाडायची. हा क्रम दोन-तीन पिढ्या चालला. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप झाला आणि पुढे तो सगळा संसार उधळला. गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. हा बदल होत असताना तो डोळ्यांत तेल घालून पाहणारा एक चित्रकार मुंबईजवळ होता, हे आपले भाग्यच म्हटले पाहिजे. म्हणजे मुंबईच्या रस्त्यावरचा रत्नागिरीकर चित्रात आला. मग प्रश्न असा, की रत्नागिरीच्या रस्त्यावरच्या रत्नागिरीकराचे काय?

आपल्याकडे चित्रकारांची वाण आहे असे कोणी म्हणू नये. या कोकणाच्या मातीतून सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर निघाले, जलरंगांत समुद्र आणि होड्या उतरवणारे आणि 'रापण' लिहिणारे प्र. अ. धोंड निघाले. आज आपल्या जिल्ह्यातच देवरूखला आणि सावर्ड्याला चित्रकलेची महाविद्यालये आहेत. देवरूखच्या लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालयात चांगल्या चित्रकारांची मूळ चित्रे पाहायला मिळतात. त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. शाळाशाळांतून मुले एलिमेंटरीला आणि इंटरमिजिएटला बसतात. हात आहेत, रंग आहेत. मग गावचे चित्र काढा म्हटले, की भिंतीवर काय येते? माड येतो, होडी येते, भगवती बंदरावरचा सूर्यास्त येतो. फार तर रत्नदुर्ग येतो, थिबा राजवाडा येतो, टिळकांचे जन्मघर येते. या जागा मोलाच्या आहेत, त्यांबद्दल दुमत नाही. पण त्या पाहुण्याला दाखवायच्या जागा आहेत. आपण स्वतः राहतो, जातो-येतो, भांडतो, उधारी करतो, त्या जागा वेगळ्या.

रस्त्याचे चित्र आलेच, तरी त्यात तीन गोष्टी हमखास गळलेल्या असतात. त्या कोणत्या, ते सांगतो. पुढच्या वेळी प्रदर्शनाला गेलात, की ताडून पाहा.

पहिली गोष्ट म्हणजे पाऊस. आपल्या गावात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. वर्षातले चार महिने आपला रस्ता ओला असतो. छत्र्या, रेनकोट, गटाराचा खळखळाट, गडग्यावर चढलेले शेवाळ, हे सगळे आपल्या रस्त्याचे अंग आहे. पण चित्रातल्या रत्नागिरीत पाऊस क्वचितच पडतो! कारण साधे आहे. जलरंगाला कोरडी हवा लागते. दमट हवेत कागद वाळत नाही, एक थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, आणि चित्रकार रस्त्याकडेला बसणार तरी कुठे? म्हणून तो दिवाळीनंतर बाहेर पडतो आणि स्वच्छ उन्हातला रस्ता रंगवतो. तसे करण्यात गैर काहीच नाही. पण मग गावाचे निम्मे वर्ष चित्राबाहेर राहते. आणि आपला जांभा दगड तर पावसातच पाहावा. खाणीतून नुकता काढलेला चिरा तांबूस-केशरी असतो. दोन-चार पावसाळे अंगावर घेतले, की तो काळवंडतो, हिरवा होतो. एकाच गडग्यात जुना चिरा आणि नवा चिरा शेजारी शेजारी दिसतात, आणि भिंत केव्हा दुरुस्त झाली तेही कळते. हा रंगांचा हिशेब एखाद्या पडवीत, दुकानाच्या वळचणीला उभे राहून टिपता येईल. नुसती पेन्सिलीची टिपणे घ्यावीत आणि रंग घरी भरावेत. धुरंधर काय, रस्त्यावर टिपणेच घेत होते.

दुसरी गोष्ट म्हणजे उतार. हे गाव सपाट नाही. मारुती मंदिराकडून निघालात की माळनाका, जयस्तंभ, गोखले नाका करीत तुम्ही उतरत उतरत मांडवीला समुद्रापाशी येता. आता यथार्थदर्शनाचा जो पाठ शाळेत शिकवतात तो सपाट रस्त्याचा असतो : रस्त्याच्या दोन्ही कडा दूर जाऊन डोळ्यांच्या पातळीवर एका बिंदूत मिळतात. पण रस्ता उताराचा असेल, तर त्या कडा डोळ्यांच्या पातळीच्या खाली मिळतात आणि चढाचा असेल तर वर मिळतात. बाजूच्या घरांच्या कौलांच्या रेषा मात्र आपल्या पातळीवरच मिळतात, कारण घर कोणी तिरके बांधत नाही. हे ध्यानात न घेता काढलेले चित्र पाहणाऱ्याला कुठेतरी खुपते. नेमके काय चुकले ते त्याला सांगता येत नाही, पण गुडघे सांगतात! रोज पिशवी घेऊन तो चढ चढणाऱ्या बाईला पुस्तकातला सपाट रस्ता आपला वाटणार नाही. पुस्तकाचा रस्ता आणि पायांखालचा रस्ता यांतला हा फरक ज्याला उमगला, तो चित्रकार त्या गावचा झाला असे समजावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे माणसे. पुष्कळ चित्रांतले रस्ते रिकामे असतात. किंवा मग माणूस म्हणून दूरवर दोन ठिपके दिलेले असतात, जागा भरायला. राम आळीचा बाजार रिकामा कधी असतो का हो? शिवाय, माणसे आलीच तर कोणती येतात, हेही पाहावे लागते. डोक्यावर टोपली घेतलेली कोळीण येते, कारण ती चित्रात शोभते. पण मिरकरवाड्यात बर्फाच्या पेट्या ओढणारा गडी येत नाही. राजीवड्याच्या गल्लीतला, जाळे दुरुस्त करीत बसलेला म्हातारा क्वचित येतो. आज आपल्या बोटींवर आणि आंब्याच्या बागांत कामाला आलेले कितीतरी नेपाळी तरुण संध्याकाळी रस्त्यावर, मोबाइलवर घरच्यांशी बोलताना दिसतात. ते कोणत्या चित्रात आहेत? रिक्षा, विजेच्या तारा, शुभेच्छांचे फलक, एस. टी.च्या मागे पळणारी पोरे हे सगळे 'चित्र बिघडवते' म्हणून वगळायचे, तर मग राहिले काय? राहिले ते आठवणीतले गाव. आठवण गोड असते हे खरे, पण जो आज त्या रस्त्यावर पोट भरतो आहे त्याला त्या आठवणीत जागा नसते.

कोणी म्हणेल, 'चित्रकार काही पंचनामा करणारा नव्हे. त्याला निवडीचे स्वातंत्र्य हवे.' मान्य. निवड केल्याशिवाय चित्र होतच नाही. पण प्रत्येक चित्रकार तेच तेच वगळू लागला, तर ती निवड राहत नाही. ती सवय होते. आणि चित्रातल्या या सवयी पुढे फार दूरवर पोचतात. याचे एक उदाहरण युरोपातले आहे.

अठराव्या शतकात, १७७० च्या सुमारास, बेर्नार्दो बेल्लोत्तो नावाच्या व्हेनिसच्या चित्रकाराने पोलंडच्या राजाच्या पदरी राहून वॉर्सा शहराचे रस्ते आणि चौक अतिशय बारकाईने रंगवले. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या उठावानंतर, जर्मन सैन्याने ते शहर पद्धतशीरपणे जमीनदोस्त केले. युद्ध संपल्यावर लोकांनी जुने शहर पुन्हा जसेच्या तसे उभारायचे ठरवले, तेव्हा दोन गोष्टी त्यांच्या कामी आल्या. एक बेल्लोत्तोची चित्रे, आणि दुसरी तिथल्या पॉलिटेक्निकमधल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी जुन्या इमारतींची मापे घेऊन केलेली रेखाटने. राजाच्या चित्रकाराइतकेच कॉलेजच्या पोरांचे कामही उपयोगी पडले, हे मी मुद्दाम सांगतो. १९८० साली त्या पुन्हा उभारलेल्या वस्तीला जागतिक वारशाचे स्थान मिळाले. पण या गोष्टीला एक पुच्छही आहे. बेल्लोत्तोने काही इमारती चित्रात थोड्या सुधारून, अधिक देखण्या करून काढल्या होत्या. आणि पुनर्बांधणीत त्यांतल्या काही सुधारणा खऱ्या इमारतींवर चढल्या. चित्रकाराने केलेला लहानसा लाडही पावणेदोनशे वर्षांनी दगडविटांत उतरला!

आपल्यावर असा प्रसंग न येवो. पण रस्ते नाहीसे व्हायला युद्धच लागते असे नाही. रस्तारुंदी होते, वाडा उतरवून इमारत उभी राहते, कौले जाऊन पत्रे येतात, महामार्गाच्या चौपदरीकरणात शंभर-शंभर वर्षांची झाडे जातात. यातले काही गरजेचेच असते; रुग्णवाहिका अडणारी गल्ली तशीच राहावी असे कोण म्हणेल? चित्र काही रस्ता वाचवू शकत नाही. मात्र काय होते आणि काय गेले, हे नेमकेपणाने सांगण्याची सोय ते करते. ती सोय नसली, की मागे उरतात त्या दोन गोष्टी : एकाचा नुसता हळहळ करणारा सूर आणि दुसऱ्याचा 'तिथं होतं तरी काय?' असा प्रश्न. दोघांनाही उत्तर देईल असे काहीतरी भिंतीवर हवे.

कोणी म्हणेल, 'फोटो आहेत की! आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.' आहे खरा. पण फोटो क्षणात निघतो, आणि काढणारा पुढे चालू लागतो. चित्र काढणाऱ्याला दोन-तीन तास एका जागी बसावे लागते. तेवढ्या वेळात त्याच्याभोवती माणसे जमतात, पोरे वाकून पाहतात, शेजारचा दुकानदार चहा धाडतो आणि सांगतो, 'तिथं पूर्वी विहीर होती बरं का.' त्या बैठकीत रस्ता चित्रकाराशी बोलतो, आणि रस्त्यालाही कळते की आपल्याकडे कोणी पाहत आहे. जगभर 'अर्बन स्केचर्स' या नावाने २००७ पासून एक चळवळ चालू आहे. आपापल्या शहरात, प्रत्यक्ष जागेवर बसून रेखाटने करणाऱ्यांचे हे मंडळ. मुंबई-पुण्यातही असे गट रविवारी कागद-पेन्सिल घेऊन निघतात. त्यात व्यवसायाने चित्रकार असलेले थोडेच. बाकी सगळे नोकरदार, गृहिणी, विद्यार्थी.

आता राहिला प्रश्न तो ही चित्रे लावायची कुठे हा. दालन सार्वजनिक आहे एवढ्याने ते लोकांचे होत नाही. दार उघडे असूनही उंबरठा उंच असू शकतो. उंबरठ्याच्या आत कोणी यावे, हा प्रश्न तर या गावाला नवा नाही. १९३१ साली इथेच पतितपावन मंदिराचे दार सर्व हिंदूंसाठी उघडले गेले होते. दालनाचा उंबरठा अगदी साध्या गोष्टींनी उंच होतो. चित्राखालची चिठ्ठी इंग्रजीत असते. वेळ अशी असते, की दुकान बंद करून, होडी लावून, शाळा सुटल्यावर यावे तर दार बंद झालेले. सुधीर पटवर्धनांना ही अडचण पुरती ठाऊक होती. आपल्या चित्रांतल्या माणसांना ती चित्रे आपली वाटावीत, ही ओढ त्यांनी वेळोवेळी बोलून दाखवली आहे. म्हणूनच २००८-०९ मध्ये त्यांनी 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन चित्रांचे प्रदर्शन मांडून ते महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या शहरांत फिरवले. लोक दालनाकडे येत नाहीत तर दालनच लोकांकडे जाईल, हा त्यामागचा विचार. आपल्या शेजारी पणजीला फोंताइन्हास या जुन्या वस्तीत तर काही वर्षे याहून गमतीचा प्रकार झाला. तिथे कलामहोत्सवाच्या दिवसांत रहिवाशांनी आपल्या घरांचे दर्शनी दिवाणखाने चित्रांसाठी मोकळे करून दिले. जो रस्ता चित्रात, त्याच रस्त्यावर चित्र!

आपल्याला यातले काय जमेल? फार खर्चाचे काही मी सुचवत नाही. दर वर्षी एकच रस्ता ठरवावा. या वर्षी राम आळी, पुढल्या वर्षी मिरकरवाडा, त्यानंतर परटवणे. गावातले चित्रकार, शाळेतली मुले, देवरूख-सावर्ड्याचे विद्यार्थी यांनी तो रस्ता वर्षभर, पावसाळ्यासकट, काढावा. प्रत्येक चित्राच्या मागे जागा, तारीख आणि वेळ मराठीत लिहावी; हे फुकट होते आणि पुढे सोन्याच्या मोलाचे ठरते. मग आठ दिवस त्याचे प्रदर्शन भरवावे, ते रात्री नऊपर्यंत उघडे ठेवावे. जागा हवी तर शाळेची सभागृहे आहेत, एस. टी. स्थानक आहे, १८२८ सालापासून लोकांना दार उघडून देणारे आपले जिल्हा नगर वाचनालय आहे. आणि प्रत्येक चित्राशेजारी एक कोरा कागद आणि पेन्सिल टांगावी. 'छान' लिहिण्यासाठी नव्हे. तिथे लोकांनी लिहावे : हे घर कोणाचे, इथे पूर्वी काय होते, चित्रकाराकडून काय राहून गेले. दर वर्षी त्यांतली चार-सहा चित्रे नगरपालिकेने विकत घ्यावीत आणि त्या कागदांसकट जपून ठेवावीत. वीस वर्षांनी गावाजवळ जे जमेल, ते कोणत्याही मोठ्या शहराने हेवा करावा असे असेल.

आणि हे सगळे होईल तेव्हा होवो. तोवर तुमच्याकडे एवढीच मागणी आहे. कुठेही गावच्या रस्त्याचे चित्र लागले आहे असे कळले, तर जरूर जा. हात पाठीमागे बांधू नका. आधी जवळून पाहा, मग दोन पावले मागे सरून पाहा. सावली कुठली, चढ कुठला, पाऊस आहे की नाही, हे विचारा. आणि शेवटी त्या गर्दीत कोण नाही ते शोधा. चित्रकार तिथे उभा असेल, तर त्याला ते तोंडावर सांगा. तो रागावला तर तुमच्या बोलण्यात काहीतरी तथ्य आहे असे समजा. आणि त्याने खिशातून वही काढून ते टिपून घेतले, तर तो चांगला चित्रकार आहे असे खुशाल समजा.